स्कॉटिश बॉर्डर्स : सीमेवरच्या मुलखात, मेंढ्यांच्या फार्मवरच्या कॉटेजमध्ये

केतकी_लीड्स

एडिंबरा बघून थेट हायलँड्सकडे निघणाऱ्या आपल्या मंडळींच्या यादीतून एक मुलूख हमखास सुटतो. इंग्लंडकडून मोटारीने येणारे ए-६८ रस्त्यावर कार्टर बारच्या खिंडीत थांबतात, एका बाजूला इंग्लंड आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड कोरलेल्या दगडापाशी फोटो काढतात, आणि पुढच्या दीड-दोन तासांत एडिंबऱ्यात पोचतात. त्या खिंडीच्या दोन्ही उतारांवर तीनशे वर्षं काय चाललं होतं, हे गाडीतून कळत नाही. त्यासाठी तिथल्या एखाद्या खोऱ्यात बस्तान ठोकून राहायला हवं, असं माझं ठाम मत झालंय.

केल्सो आणि कर्क येटम या गावांच्या मधे, चीव्हियट डोंगरांच्या पायथ्याशी आम्ही आठवड्यासाठी घर घेतलं होतं. इकडच्या बऱ्याच कॉटेजेस आठवड्याच्या हिशोबानेच मिळतात, शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार. घर पूर्वी फार्मवरच्या मेंढपाळाचं होतं. दोन फुटांच्या दगडी भिंती, वर स्लेटचं छप्पर, लहान खिडक्या, बैठकीत लाकडं जाळायची लोखंडी शेगडी. पाणी डोंगरातल्या झऱ्याचं, गाळून आणि अतिनील दिव्याखालून नळाला येणारं. इतकं गोड पाणी मी या देशात दुसरीकडे प्यायले नाही. फोनला रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यातच. मालक आणि मालकीणबाई शेजारच्याच फार्महाउसमध्ये राहतात. पोचलो तेव्हा टेबलावर अंडी, दूध आणि सेल्कर्क बॅनक नावाचा बेदाणे घातलेला गोडसर पाव ठेवला होता.

आता मुख्य गोष्ट. मालक काकांना मी विचारलं की एवढा जुना मुलूख, मग तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची साधी शेतकऱ्यांची घरं का दिसत नाहीत? दिसतात ते एकतर पडके मठ, नाहीतर एकट्या उभ्या गढ्या. ते म्हणाले, टिकायला बांधलीच नव्हती. सोळाव्या शतकात इथला साधा माणूस माती, गवताची ढेपळं आणि चार लाकडं यांचं खोपट बांधायचा. शत्रूने जाळलं तर काही तासांत पुन्हा उभं राहील एवढंच त्यात गुंतवायचं. ज्याच्याकडे पैसा, त्याने दगडी बुरूजवजा गढी बांधायची. तिला पील टॉवर म्हणतात. स्कॉटलंडच्या संसदेने १५३५ साली कायदाच केला की सीमेवरच्या मोठ्या जमीनदारांनी साठ फूट चौरस दगडी आवार बांधावं, म्हणजे हल्ला आला की आसपासच्या लोकांना गुराढोरांसकट आत घेता येईल. इंग्लंडच्या बाजूला थोड्या बऱ्या स्थितीतले शेतकरी बॅसल नावाची घरं बांधत. खाली गुरं, वर माणसं, वर जायला शिडी आणि रात्री ती ओढून घ्यायची.

हे सगळं कशामुळे? १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने बेरिक शहर लुटलं आणि तिथून दोन राज्यांच्या लढाया तीनशे वर्षं याच शेतांमधून गेल्या. पीक उभं असताना जाळलं जाणार हे ठरलेलं असेल तर माणूस पेरणार कशाला? गुरं मात्र हाकून डोंगरात लपवता येतात, आणि दुसऱ्याची हाकून आणताही येतात. त्यातून रीव्हर म्हणजे लुटारू घराणी उभी राहिली : आर्मस्ट्राँग, एलियट, कर, स्कॉट, ग्रॅहम, चार्ल्टन. रात्री घोड्यावरून निघायचं, वीस-तीस मैलांवरची गुरं आणायची. हंगाम शरद ऋतूतला, कारण तेव्हा रात्री मोठ्या, जमीन अजून कोरडी आणि जनावरं उन्हाळ्याच्या चाऱ्यावर पोसलेली. राजाशी निष्ठा दुय्यम, आडनावाशी पहिली. एकाच घराण्याच्या शाखा सीमेच्या दोन्हीकडे असायच्या. परवानगीशिवाय पलीकडच्यांशी सोयरीक करायला सीमेच्या कायद्याने बंदी होती, आणि सोयरिकी सर्रास होत होत्या.

दोन्ही देशांत मिळून सीमेवर एक वेगळाच कायदा चालायचा, हे मला सगळ्यांत विलक्षण वाटलं. १२४९ साली तो लेखी झाला. प्रत्येक बाजूला पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन ‘मार्च’ म्हणजे सीमाप्रांत, प्रत्येकावर एक वॉर्डन. ठरलेल्या दिवशी दोन्हीकडचे वॉर्डन आपापली माणसं घेऊन सीमेवर भेटणार, तक्रारी ऐकणार, भरपाई ठरवणार. त्या दिवशी सूर्योदयापासून दुसऱ्या दिवसाच्या सूर्योदयापर्यंत युद्धबंदी. गुरं चोरीला गेलेल्या माणसाला सहा दिवसांच्या आत सीमा ओलांडून उघडपणे पाठलाग करायचा हक्क होता. भाल्याच्या टोकावर जळतं पीट, म्हणजे दलदलीतून कापलेलं इंधन, खोचून जायचं, म्हणजे हा चोर नाही हे सगळ्यांना दिसावं. फोटोसाठी थांबतात त्या कार्टर बारच्या माळावरच १५७५ मध्ये अशी एक बैठक शिवीगाळीवर आली आणि तिची लढाई झाली.

काय काय पाहिलं ते थोडक्यात. केल्सोचा मठ (११२८), आज एका बाजूचा मनोराच उरलाय, पण तेवढ्यावरून मूळच्या आकाराची कल्पना येते. जेडबराचा मठ जवळजवळ पूर्ण उंचीचा, फक्त छप्पर नाही. मेलरोजला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याचं हृदय पुरलंय. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला आपल्या मुलासाठी बालवयातली स्कॉटिश राणी मेरी हवी होती. स्कॉटिशांनी नकार दिल्यावर १५४४-४५ मध्ये त्याच्या सैन्याने हे मठ जाळले.

मनात घर करून राहिलं ते मात्र रॉक्सबरा. ट्वीड आणि टीव्हियट नद्यांच्या बेचक्यात मध्ययुगात स्कॉटलंडमधलं एक मोठं शहर होतं. चर्च, बाजार, टांकसाळ. किल्ला इंग्रजांच्या ताब्यात असताना १४६० मध्ये स्कॉटलंडचा दुसरा जेम्स राजा वेढा घालून बसला आणि त्याच्याच बाजूची तोफ फुटून मेला. किल्ला पडला, स्कॉटिशांनी तो पाडून टाकला, कारण पुन्हा शत्रूच्या हाती जायला नको. शहर तर त्याआधीच ओस पडत चाललं होतं. आज तिथे गवत आहे आणि टेकाडावर भिंतींचे काही तुकडे. एक अख्खं शहर नाहीसं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्या कुरणात फिरताना खरोखर पाय जड झाले.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, जमेल तशी उत्तरं देईन.

घाटवाट

फार सुंदर लिहिलंयस केतकी. डोंगरातली चाल कशी आहे? मुलांना झेपेल का?

केतकी_लीड्स

@घाटवाट, चीव्हियट डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे कडेकपारीचे नाहीत. गोलसर, गवताचे, पावलाखाली मऊ. सर्वांत उंच माथा ८१५ मीटर. कर्क येटमला पेनाइन वे ही २६८ मैलांची पायवाट संपते, तिचा शेवटचा भाग सीमेच्या कुंपणालगत जातो. घरातून निघून आम्ही त्या कुंपणापर्यंत चढलो, मुलं मजेत आली. वाटेत दगडी गोल आवारं लागतात, बिनचुन्याची, छातीएवढ्या उंचीची. बर्फाच्या वादळात मेंढ्यांना आसरा म्हणून बांधलेली. त्यांना इकडे स्टेल म्हणतात.

हक्कांचा फरक ध्यानात ठेव. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक सगळ्या जमिनीवर जबाबदारीने चालायची मुभा आहे. कुंपण ओलांडून इंग्लंडात उतरलं की ठरलेल्या पायवाटा आणि खुल्या केलेल्या माळांपुरतीच परवानगी. एप्रिल-मे मध्ये मेंढ्या विणीच्या असतात, तेव्हा कुरणातून लांबूनच जायचं आणि कुत्रा असेल तर दोरीवर. आणि गवतातून आल्यावर गोचीड चिकटलीय का ते रोज रात्री मुलांच्या पायांवर तपासायचं, हे विसरू नकोस.

इतिहासवेडा

शरद ऋतूतली मोहीम वाचून दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीवर निघणाऱ्या आपल्या फौजा आठवल्या. रीव्हर लोक संरक्षणाच्या बदल्यात गावांकडून पैसेही घेत असत ना? मग ही चौथाईच झाली.

रानजाई

@इतिहासवेडा, मला ही तुलना पटत नाही. चौथाई हा एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या महसुलावर सांगितलेला हक्क होता. त्याचे हिशेब, तहनामे, सनदा होत्या. १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद खुद्द मुघल बादशहाने दिली. रीव्हरांचं तसं नाही. आपल्याच देशाच्या शेजाऱ्याला ‘पैसे दे, नाहीतर तुझी गुरं नेऊ’ म्हणणारा आर्मस्ट्राँग कुठल्याही दरबाराचा प्रतिनिधी नव्हता. ग्लासगोच्या आर्चबिशपने १५२५ मध्ये या सगळ्यांना हजारावर शब्दांचा शाप दिला आणि तो सीमाभागातल्या चर्चमधून वाचायला लावला, तो इंग्रजांना उद्देशून नव्हता, स्वतःच्याच लोकांना होता.

इतिहासवेडा

हे मान्य. हंगामाचं साम्य तेवढं खरं धरूया, ते चाऱ्या-पाण्याच्या गणितातून आलेलं आहे. पुढे हे थांबलं कशामुळे?

केतकी_लीड्स

@रानजाई, छान सांगितलंत ताई. @इतिहासवेडा, १६०३ मध्ये एलिझाबेथ राणी निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. सीमाच एका राज्याच्या पोटात आली. ज्या वॉर्डनांना आधी दुसऱ्या बाजूला पळालेला माणूस हातात येत नसे, त्यांच्या जागी आता एकच राजा दोन्हीकडून पकडत होता. पुढच्या काही वर्षांत पुष्कळांना फाशी झाली, ग्रॅहमांसारख्या घराण्यांना आयर्लंडला हाकललं गेलं. काही सरदारांनी मात्र वेळेवर राजाची बाजू धरली. १५९६ मध्ये कार्लाइलच्या किल्ल्यातून किनमंट विली आर्मस्ट्राँगला रातोरात सोडवून नेणारा बक्लूचा स्कॉट पुढे लॉर्ड झाला. गरीब रीव्हर लटकला आणि मोठा रीव्हर जहागीरदार झाला, याचा मला अजूनही राग येतो.

नाशिककर

पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडे मँचेस्टरला येणार आहोत. स्कॉटलंडसाठी वेगळा व्हिसा लागतो का? सीमेवर पासपोर्ट बघतात का? आणि माझ्या बायकोचे गुडघे दुखतात, तिला काय दाखवता येईल?

केतकी_लीड्स

काका, यूकेचा व्हिसा दोन्हीकडे चालतो. सीमेवर तपासणी नाही, रस्त्याकडेला फक्त पाटी आहे. स्कॉटिश बँकांच्या नोटा वेगळ्या दिसतात, तेवढं पाहून दचकू नका.

काकूंसाठी ड्रायबराचा मठ सगळ्यांत चांगला. सपाट हिरवळ, मोठी झाडं, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटची समाधी तिथेच, आणि गर्दी कमी. केल्सोचा मोठा चौक दुपारच्या चहासाठी छान. जेडबऱ्यात मेरी राणीच्या मुक्कामाचं म्हणून दाखवतात ते घर मठापासून जवळच आहे. १५६६ मध्ये ती इथे न्यायनिवाड्यासाठी आली असताना जखमी सरदार बॉथवेलला भेटायला हर्मिटेज किल्ल्यावर घोड्यावरून गेली आणि त्याच दिवशी परत आली, जवळपास पन्नास मैल. परतल्यावर मरणाच्या दारापर्यंत आजारी पडली. स्मेलमची गढी मात्र काकूंनी खालूनच बघावी, वाट खडकाळ आहे आणि आत गोल जिना. तुम्ही चढा. छपराच्या कठड्यावरून चीव्हियटपर्यंतचा मुलूख दिसतो, आणि पहारेकऱ्याला किती आधी धूळ दिसत असेल ते समजतं. लहानपणी आजारपणामुळे स्कॉट याच गढीखालच्या आजोबांच्या शेतावर राहिला होता. जुन्या लढायांच्या गोष्टी त्याने तिथेच ऐकल्या.

तारखांचं एक सांगते. इंग्लंडच्या शाळांना सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबर लागेपर्यंत, स्कॉटलंडच्या शाळांना जूनअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या. दोन्हीकडे शाळा चालू, भाडं कमी आणि रात्री दहापर्यंत उजेड.

अनघा_न्यूकॅसल

मी सीमेच्या इंग्लिश बाजूला राहते, म्हणून भर घालते. हेड्रियनची भिंत म्हणजेच दोन देशांची सीमा असा समज फार लोकांचा असतो. ती रोमन भिंत इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतली, तेव्हा इंग्लंड नव्हतं आणि स्कॉटलंडही नव्हतं. तिची पूर्ण ११७ किलोमीटर लांबी आज इंग्लंडात येते. तरी सोडू नका. भिंतीजवळच्या विंडोलांडा छावणीत लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं १९७३ पासून सापडत आलीत. त्यांत एका अधिकाऱ्याच्या बायकोने मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावल्याचं पत्र आहे, शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या.

बॅसल आतून बघायचं असेल तर बेलिंगहॅमजवळचं ब्लॅक मिडन्स बघा, तिकीट नाही. आणि फ्लॉडनचं रणांगण केल्सोपासून जवळच आहे, ब्रँक्सटन गावाजवळ. ९ सप्टेंबर १५१३ ला इंग्रजांशी लढताना स्कॉटलंडचा चौथा जेम्स राजा आणि त्याचे बहुतेक मोठे सरदार एका दुपारी तिथे पडले. दोन्ही बाजूंच्या शूरांना एकच स्मारक आहे, हे मला फार योग्य वाटतं. सेल्कर्कला दर जूनमध्ये शेकडो घोडेस्वार गावाच्या जुन्या हद्दीवरून फेरी मारतात आणि शेवटी चौकात फ्लॉडनच्या आठवणीत निशाण लवतं. काका, जूनमध्ये येताय तर ते चुकवू नका.

मावळतीचा_वारा

गाडी चालवता येत नसेल तर?

अनघा_न्यूकॅसल

जमतं, फक्त मुक्काम गावाजवळ घ्यायचा. एडिंबरा ते ट्वीडबँक रेल्वे २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तासाभरात पोचते. मेलरोज तिथून चालत जाण्याजोगं आहे. दुसरं टोक बेरिक, मुख्य लोहमार्गावर. ते शहर तेरा वेळा इकडून तिकडे गेलं असं सांगतात, १४८२ पासून इंग्लंडकडे आहे, तरी तिथला फुटबॉल संघ स्कॉटिश स्पर्धांत खेळतो. स्टेशनवर उतराल ती जागा म्हणजे बेरिकच्या किल्ल्याचा दरबार. १२९२ मध्ये पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडचा राजा कोण, याचा निवाडा तिथेच दिला. रेल्वे आणताना किल्ला पाडला, ही गोष्ट मला कायम खुपते.

इतिहासवेडा

केतकी, एलियट घराणं म्हणालीस. लॉर्ड मिंटोचं आडनाव एलियटच ना?

केतकी_लीड्स

हो! मी वाटच बघत होते कुणीतरी विचारेल म्हणून. मोर्ले-मिंटो सुधारणा (१९०९) आपण शाळेत पाठ केल्या, त्या मिंटोचं गाव इथेच, हॉइकजवळ टीव्हियटच्या खोऱ्यात. टिळकांना १९०८ मध्ये मंडालेला पाठवलं तेव्हा व्हाइसरॉय तोच. त्याचा पणजोबा पहिला अर्ल ऑफ मिंटो १८०७ ते १८१३ गव्हर्नर जनरल होता. सीमेवर गुरं हाकणाऱ्या आडनावाचे वंशज हिंदुस्थानच्या गादीवर बसले, हे तिथे उभं राहून कळतं तेव्हा अंगावर येतं. मिंटोंचा वाडा आता उरलेला नाही.

शेजारच्या डेनममध्ये मात्र जॉन लेडनचं स्मारक हिरवळीवर उभं आहे. १७७५ चा जन्म, साध्या मेंढपाळाचा मुलगा. भाषांचं विलक्षण वेड. डॉक्टर होऊन १८०३ मध्ये मद्रासला गेला, आणि १८११ मध्ये पहिल्या मिंटोबरोबर जावाच्या मोहिमेत तापाने मेला. बाबराच्या आठवणींचं त्याने सुरू केलेलं भाषांतर विल्यम अर्स्किनने मुंबईत पुरं केलं, ते १८२६ मध्ये छापलं गेलं. अर्स्किन म्हणजे बॉम्बे लिटररी सोसायटीचा चिटणीस, आणि ती सोसायटी म्हणजेच आजची टाउन हॉलमधली एशियाटिक. मला तरी मिंटोंपेक्षा हा मेंढपाळाचा पोर जवळचा वाटतो.

रानजाई

लेडनबद्दल अजिबात माहीत नव्हतं. एशियाटिकच्या पायऱ्यांवर किती संध्याकाळी गेल्या, आणि हा दुवा आज कळतोय. कॉटेज ठरवताना काय काय पाहायचं ते लिहिशील का?

केतकी_लीड्स

ताई, स्कॉटलंडमध्ये आता अशा घरांना परवाना लागतो आणि जाहिरातीत परवाना क्रमांक असावा लागतो, तो आधी पाहा. गरम पाणी आणि हीटर तेलावर की विजेवर, आणि लाकडं भाड्यात धरली आहेत की वेगळी, हे विचारा. पाणी झऱ्याचं किंवा विहिरीचं असेल तर ते तपासल्याचा दाखला मालक दाखवतात. सांडपाणी बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँकमध्ये जातं, म्हणून फोडणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, जुन्या बरणीत भरून ठेवा. कुकर आणि मिसळणाचा डबा घरून न्या; बाकी भाजी, पीठ, दूध केल्सोत मिळतं. भरताची वांगी मात्र ओव्हनपेक्षा शेगडीच्या निखाऱ्यावर भाजली तर जास्त छान लागतात, आधी मालकांना विचारून.

जेवताना वाइन घेणार असाल तर गाडी दुसऱ्याच्या हाती द्या. स्कॉटलंडमधली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडात ८०. पाच मैलांत नियम बदलतो.

घाटवाट

आणि तारे? मुलाला दुर्बीण घेतलीय.

अनघा_न्यूकॅसल

मग उन्हाळ्यात नको. जूनमध्ये इकडे पूर्ण अंधारच होत नाही. ऑक्टोबर ते मार्चमध्ये ये आणि मुक्कामातली एक रात्र किल्डर सरोवराकडे ठेव. नॉर्थंबरलँडचा तो पट्टा २०१३ पासून काळोख्या आकाशासाठी राखलेला आहे. अमावास्येच्या आसपासची तारीख धर. हिवाळ्यात डोंगरातल्या एकेरी रस्त्यांवर बर्फ साचतं, तेव्हा घर ठरवतानाच मालकांना विचार की वर पोचायला साधी गाडी चालते की फोर व्हील ड्राइव्ह लागते.